धोंड्याच्या महिन्यातील विलायती गाडी

वाहन आणि जावई या दोहोंची खरी परीक्षा चढावर होते, असे माझे आता पूर्ण विचारांती मत झाले आहे. सपाटीवर दोघेही शोभून दिसतात. महाडच्या बाजारपेठेत माझे तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान आहे आणि तेथे माझी प्रतिष्ठा बेताची असली तरी टिकाऊ आहे. परंतु पोलादपूरच्या वर डोंगरात करंजकोंड नावाचे जे गाव आहे, आणि दैवयोगाने जी माझी सासुरवाडी आहे, तेथील लोक माणसाकडे पाहण्यापूर्वी तो कशातून उतरला ते पाहतात. हा प्रघात योग्य की अयोग्य, याची चर्चा विद्वानांनी करावी. मी केवळ त्याचा बळी आहे.

यंदा ज्येष्ठ अधिक आला. तीन वर्षांनी एकदा येणाऱ्या या महिन्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात सासूने जावयाला घरी बोलावून, पाटावर बसवून, ओवाळून अनारशांचे वाण द्यावे अशी रीत आहे. या काळापुरता जावयाच्या ठिकाणी प्रत्यक्ष विष्णूचा वास असतो असे मानतात. एरवी त्याच्या ठिकाणी कोणाचा वास असतो, याविषयी सासुरवाडीत निरनिराळी मते ऐकू येतात.

महिना लागताच माझे मेहुणे भागोजी यांचा दूरध्वनी आला.

"दाजी, आयेनं सांगितलंय, दोनी जावयांनी यायचं. थोरल्याचं वान आदी, मंग धाकट्याचं. ती रीत ती मोडायची नाय. रितेशराव मुंबईवरनं गाडी घेऊन येतायत." मग भागोजींनी सहज विचारले, "तुमी कशात येताय?"

त्या 'कशात' या एका शब्दाने माझ्या काळजाला जी जखम झाली, तिचे वर्णन करण्यास माझी लेखणी असमर्थ आहे. भागोजींना ठाऊक होते मी कशात येतो ते. साऱ्या करंजकोंडाला ठाऊक होते. मी गिरिराजमधून येतो.

गिरिराज ही पूर्णपणे स्वदेशी गाडी. तिने मला वाटेत कधीही सोडले नव्हते. पुराच्या गढूळ पाण्यातून तिने मला काढले होते, सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर आमचे अवघे कुटुंब, अंथरुणापांघरुणासह, नेऊन आणले होते. तिचा दोष इतकाच, की ती आवाज करी. करंजकोंडात ती शिरली की कोंबड्या कुंपणावर चढत आणि पोरे ओरडत, "दाजींची गिरण आली गोऽ!" पिठाच्या गिरणीशी झालेली ही तुलना मी वर्षानुवर्षे हसून सोशीत आलो.

उलट रितेशरावांचे पाहा. रितेश हा माझ्या धाकट्या मेहुणीचा, मैनेचा नवरा. त्याच्याकडे वाल्डमान या जर्मन कंपनीची गाडी आहे. गेल्या गणपतीत तो गावी आला तेव्हा ती गाडी एका मोठ्या मालमोटारीच्या पाठीवर बांधून आणलेली होती, कारण ती माणगावच्या अलीकडेच बंद पडली होती. गावाने काय म्हणावे? माझ्या सासूबाई साळूबाई हात जोडून म्हणाल्या, "बगा, काय थाट! गाडी पन गाडीत बसून येते!" आणि भागोजींनी त्यावर अभिप्राय दिला, "मोठ्या गाडीला दुखनं पन मोठंच यायचं."

माझी गिरण चालत येई आणि तिला हसत. त्यांची विलायतीण निजून आली आणि तिला नमस्कार झाले. हा न्याय मला त्याच वेळी समजला असता तर पुढील सर्व अनर्थ टळला असता. परंतु मला तो समजला नाही. मला तो हवासा वाटला.

मी आमच्या आळीत सल्ला विचारला. सल्ला विचारणे ही माझी आयुष्यभराची खोड आहे, आणि आमच्या आळीला तो देण्याची. निवृत्त मुख्याध्यापिका चारुशीलाबाई म्हणाल्या, "हरीभाऊ, देशी गाडी म्हणजे पत्रा. विलायती म्हणजे पोलाद. यात विचारायचं काय?" पतपेढीतले आमोदराव आयुष्यभर दुचाकीच चालवीत आले आहेत, त्यामुळे मोटारींविषयीची त्यांची मते अनुभवाने मलिन झालेली नाहीत. ते म्हणाले, "जर्मन माणूस एक वेळ उपाशी राहील, पण नट ढिला ठेवणार नाही. आयुष्यात एकदा बसा हो त्या गाडीत. मग कळेल, आपण आजवर बैलगाडीत होतो."

माझी पत्नी सरिता एवढेच म्हणाली, "गिरिराजला काय झालंय?"

"काही झालेलं नाही, हेच तर तिचं न्यून आहे," असे उत्तर मला त्या वेळी सुचले नाही. आज सुचते.

योगायोगाने गावातील एका डॉक्टरांना त्यांची जुनी वाल्डमान विकावयाची होती. गाडी काळीभोर, आरशासारखी. व्यवहार ठरला तेव्हा डॉक्टरांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि त्यांचे डोळे पाणावले. मी ते वियोगाचे अश्रू समजलो. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दारात एक कोरी गिरिराज उभी दिसली. मला वाटले, बिचारे खचले. आता त्यांना कशातच रस उरलेला नाही.

सरितेच्या आग्रहास्तव गाडी घरी आणण्यापूर्वी ग्रामदेवतेला कौल लावला. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी स्वतः रचलेले गाऱ्हाणे घातले. डावी कळी तात्काळ पडली. गुरव म्हणाला, "देवीचं लक्ष नव्हतं, पुन्यांदा इचारू." पुन्हा डावी पडली. मग आम्ही बराच वेळ बसून राहिलो, आरती केली, नारळ वाढवला, गुरवाने पंखा बंद केला, आणि अखेरीस उजवी पडली. देवालाही शेवटी कंटाळा येतो, ही गोष्ट भक्तांनी ध्यानात ठेवली पाहिजे.

गिरिराज मी दासगावच्या एका भाजीवाल्याला विकून टाकली. दोन गाड्या ठेवण्याइतके माझे अंगण मोठे नाही आणि मन त्याहून लहान निघाले.

यानंतर गाडी नावावर करण्याचा अध्याय. परिवहन कार्यालयात गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक पेन्सिलीने कागदावर उमटवून घ्यावा लागतो. गिरिराजचा क्रमांक कोठे असतो हे तेथल्या चहावाल्यालाही पाठ. विलायती गाडीचा क्रमांक मात्र कोणास सापडेना. साहेब पुढून वाकले, मागून वाकले, गालिचा उचलून आत डोकावले. अखेर घाम पुसत ते आदराने म्हणाले, "भारी गाडी आहे हो! नंबरसुद्धा कसा लपवलाय!" आणि जेवणाची सुटी झाली. पुन्हा जावे लागले. त्या वेळी साहेब बदलले होते, आणि नव्या साहेबांनी पुन्हा प्रथमपासून वाकण्यास आरंभ केला. असे होता होता धोंड्याचा महिना अर्धा सरला.

तिकडे रितेशराव सासुरवाडीस येऊन पोहोचले होते. थोरल्याचे वाण झाल्यावाचून धाकट्याला मिळणार नव्हते, म्हणून ते माझी वाट पाहत राहिले. त्यांचे दूरध्वनी येत. "भावोजी, किधर है आप? इकडे रोज आमरस खाऊन खाऊन माझं पोट आउट झालंय. ऑफिसवाले चिल्लावतायत."

"निघालोच," असे मी म्हणे. आणि एके दिवशी खरोखरच निघालो.

सरिता जरीकाठी नेसली होती. मी नवा झब्बा घातला होता. चारुशीलाबाईंनी गाडीला कुंकू लावले, आणि आमोदरावांनी स्वहस्ते लिंबू-मिरचीची माळ गाडीच्या तोंडाशी, अगदी मधोमध बांधली. गाडी सुरू करताच ती 'टीं टीं टीं' असे ओरडू लागली आणि तांबडा दिवा लावून जागची हलेना. पुष्कळ शोधाअंती कळले, की पुढे काही आडवे आले तर ते ओळखण्याची एक डोळस कळ तिच्या तोंडाशी असते, आणि लिंबू नेमके तिच्यासमोर लोंबत होते. जर्मन बुद्धीने आमच्या लिंबाला भिंत समजले होते.

"लिंबू काढा," मी म्हणालो.

"काढू नका!" आमोदराव म्हणाले. "बांधलेलं लिंबू निघताना काढणं म्हणजे दृष्टीला आमंत्रण!"

"अहो, पण ती हलत नाही!"

"मग पोचल्यावर पुन्हा बांधा. पण मी काढणार नाही. माझ्या हातून पाप नको."

लिंबू मी काढले. गाडी निघाली. आणि खरे सांगतो वाचकहो, पुढील काही मिनिटे मी जे सुख अनुभवले, ते अनुभवून मनुष्य मरण पावता तरी चालले असते. आत आवाज नाही, धक्का नाही, ऊन नाही. महामार्ग पायाखालून रेशमासारखा सरकत होता. सरितासुद्धा म्हणाली, "बरं वाटतंय हो." तोच समोरच्या पडद्यावर पिवळी अक्षरे उमटली आणि गाडी हळूहळू, अतिशय सभ्यपणे, कडेला येऊन थांबली.

"काय म्हणतेय?" सरितेने विचारले.

मी इंग्रजी अक्षरे जुळवून वाचली. "ती म्हणते, कार्यशाळेशी संपर्क साधा."

"ती स्वतः काही करणार नाही का?"

आम्ही उतरून उन्हात उभे राहिलो. इतक्यात मागून एक ओळखीची घरघर ऐकू आली. टोमॅटोच्या पेट्यांनी काठोकाठ भरलेली माझी गिरिराज आमच्या बाजूने धडधडत गेली. दासगावच्या भाजीवाल्याने प्रेमाने भोंगा वाजवला आणि ओरडून विचारले, "काय दाजी, फोटो काढताय काय?"

महाडचा चांगू मिस्त्री नावाजलेला. गिरिराजला कधी काळी काही झाले तर तो चाकाला एक लाथ मारून रोगनिदान करीत असे. विलायती गाडीपाशी येताच त्याने चपला काढल्या. पुढचे झाकण उघडले. आत आणखी एक काळे झाकण होते. ते पाहून त्याने पहिले झाकण अलगद लावले.

"हरीभाऊ, आपून हाडं बशिवनारा मानूस. हिला मोठा डाक्टर लागंल."

"अरे, पण झालंय काय?"

"तिला काय झालेलं नाय. विलायती गाडीला काय होत नसतं." त्याने माझ्याकडे संशयाने पाहिले. "तुमी काय केलंत, ते सांगा."

हाच प्रश्न मग साऱ्या आळीने विचारला. गिरिराज एकदा खोकली तरी लोक म्हणत, गाडी वाईट. वाल्डमान बंद पडली तेव्हा म्हणाले, हरीभाऊ वाईट. चारुशीलाबाईंच्या मते मी गार हवेचे यंत्र फार लावले. आमोदरावांच्या मते ते लावले नाही म्हणून ती गुदमरली. कोणी म्हणाले, कोकणची हवा तिला मानवली नाही. कोणी म्हणाले, गिरिराज चालवून चालवून माझा पाय जड झाला आहे. आणि आमोदराव शेवटी एकच वाक्य बोलले, "मी लिंबू काढलं नव्हतं."

गाडी ओढून पुण्याच्या कार्यशाळेत नेली. तेथून सेजल नावाच्या मुलीचा गोड आवाजात दूरध्वनी आला. "सर, एक भाग बदलावा लागेल. यायला थोडा वेळ लागतो."

"जर्मनीहून ना?" मी जरा मोठ्याने विचारले, कारण दुकानात गिऱ्हाईक होते.

"नाही सर. ही गाडी इथेच, पुण्याजवळच जोडलेली आहे. भागही इकडचाच."

मी आवाज एकदम खाली आणला. "ताई, हे दुसऱ्या कोणाला सांगितलंत का?"

त्या संध्याकाळी मी खिन्न मनाने चांगूपाशी बसलो होतो. बोलता बोलता तो म्हणाला, "गिरिराजची गोष्ट येगळी व्हती, हरीभाऊ. तिचं इंजिनच जपानी."

"जपानी?"

"तर! तुमाला ठावं नव्हतं? मी समदीकडं सांगतो, तुमाला तेवढं सांगायचं ऱ्हायलं."

म्हणजे ज्या गाडीला मी देशी म्हणून घालवले तिचे काळीज जपानी होते, आणि जिला विलायती म्हणून घरात घेतले ती पुण्याची निघाली. दुपारी बंद पडून, कोणी येऊन कितीही विनवले तरी दाद न देण्याच्या तिच्या स्वभावाचा तेव्हा मला थोडा उलगडा झाला. पण दुःख कमी झाले नाही.

आळीत मात्र मी "भाग बाहेरून येतो आहे" एवढेच सांगितले. ते असत्य नव्हते. पुणे महाडच्या बाहेरच आहे. चारुशीलाबाई म्हणाल्या, "म्हणूनच उशीर. जर्मन लोक घाईगर्दीत काही पाठवत नाहीत." लोक वाटेत थांबवून विचारू लागले, "आला का हो जर्मनीचा भाग?" बंद गाडीने माझी प्रतिष्ठा जितकी वाढवली, तितकी चालत्या गाडीने कधी वाढवली नव्हती. परंतु त्या प्रतिष्ठेत बसून करंजकोंडास जाता येत नव्हते.

आणि तशातच भागोजींचा तो दूरध्वनी आला.

"दाजी, थट्टा नाय करत. आये या महिन्यात एकदाच जेवते, ते तुमाला ठावं हाय. आता म्हनते, थोरल्याचं वान होईपत्तुर एका भाकरीवरच ऱ्हानार. तीबी आरदी ठेवते. काल चुलीपुढं उठताना तिला भोवळ आली."

सरितेने फोन घेतला. आईशी बोलली. फोन ठेवून ती बराच वेळ पदराला पीळ घालीत राहिली. "आई म्हणते, पुढचा धोंडा काही मी बघत नाही. या खेपेला माझ्या हातानं होऊ दे." मग ती माझ्याकडे वळली. "अहो, एसटीनं जाऊ. पोलादपूरला उतरू, वरची गाडी पकडू. तासादीडतासाचं काम."

"रितेशची वाल्डमान अंगणात उभी असताना मी एसटीतून उतरू?"

"आईला तुम्ही हवे आहात. गाडी नकोय."

"मग फोनवर त्यांनी आधी काय विचारलं, सांग."

मी ऐकले होते. साळूबाईंनी क्षीण आवाजात विचारले होते, "गाडी बरी हाय काय गो आता?"

हा माझा मूर्खपणा होता, हे कबूल करण्यास कोणाची भीती नाही. एक वृद्ध स्त्री माझ्यासाठी अर्ध्या भाकरीवर दिवस काढीत होती आणि मी भांड्यांच्या दुकानात बसून पुण्याहून येणाऱ्या भागाची वाट पाहत होतो. एसटी रोज माझ्या दुकानावरून जात होती. प्रत्येक एसटी गेली की सरिता आतून पाहत असे. एकदा मी खरोखर पिशवी उचलली. तोच सेजलचा दूरध्वनी आला, गाडी तयार आहे, उद्या पोहोचवतो. तो उद्या महिन्याच्या शेवटल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी उगवला.

अमावास्येस आम्ही निघालो. या खेपेस लिंबू बांधले नाही. वाण दिवस मावळण्यापूर्वी द्यावयाचे असते, आणि अजून सकाळच होती. पोलादपूर आले, गेले. गाडी वर चढू लागली. वळणामागून वळण, आणि ती एखाद्या राजहंसासारखी. सरिता हातातल्या पूजेच्या पिशवीकडे पाहत होती. मी तिला म्हणालो, "पाहिलंस? शेवटी विलायती ती विलायती." त्या क्षणी मला पुण्याचे पूर्ण विस्मरण झाले होते.

करंजकोंडाची कौले दिसू लागली त्या शेवटच्या चढावर पिवळी अक्षरे पुन्हा उमटली. अरुंद रस्त्याच्या ऐन मधोमध, एका अंगाला दरड आणि दुसऱ्या अंगाला दरी, अशा जागी गाडीने अखेरचा श्वास घेतला.

दोनच मिनिटांत मागून वरची एसटी आली.

"ओ, बाजूला घ्या!" वाहक खाली उतरून ओरडला.

"ती घेत नाही," मी म्हणालो.

"मग ढकला! चला रे, हात लावा."

एसटीतली माणसे उतरली, गाडीभोवती जमली. कोणी हात लावीना. "डाग पडंल," एक म्हणाला. दुसऱ्याने धोतराच्या सोग्याने तिच्यावरची धूळ पुसली. शेवटी धीर करून त्यांनी जोर लावला. गाडी तसूभर हलली नाही. बंद पडताना तिने आपली चाके आतून विजेने आवळून धरली होती, आणि आता वीजही संपली होती. देशी गाडी ढकलता येते, हा आजवर तिचा कमीपणा समजला गेला आहे. तो तिचा केवढा मोठा गुण होता, हे मी त्या दरीच्या काठावर शिकलो.

मी सरितेला म्हणालो, "चल, चालत जाऊ." पाऊल टाकतो तोच वाहकाने माझा झब्बा धरला.

"मालक, तुमी नाय हलायचं. गाडी टाकून गेलात तर मी बोलू कुनाला? क्रेन बोलावलीय पोलादपूरहून. ती येईपर्यंत इथंच."

"अहो, माझं वाण आहे आज! शेवटचा दिवस!"

"आनि माझी गाडी डेपोत टायमावर पोचायला नको?"

एसटीतल्या साऱ्या लोकांनी त्याची बाजू घेतली. मी दंडवत घालण्याचेच तेवढे बाकी ठेवले. अखेरीस सरिता एकटीच पिशवी घेऊन, जरीकाठी वर खोचून, चढ चढू लागली. मी त्या काळ्या, चकचकीत शिळेपाशी ओलीस उरलो. क्रेन आली नाही. दुपार टळली. लोकांनी माझ्या गाडीच्या सावलीत भाकऱ्या सोडल्या, मलाही चटणी दिली, आणि एका म्हातारबुवांनी विचारले, "आत गारवा असतो म्हनतात, खरं काय?" मी दार उघडून त्यांना बसवले. आत भट्टी झाली होती. ते घाम गाळीत बराच वेळ बसले आणि उतरताना म्हणाले, "येगळाच गारवा हाय."

ऊन तांबूस होऊ लागले तेव्हा वरच्या वळणावर माणसे दिसली. पुढे भागोजी, मागे आणखी तिघे. मध्ये बांबूला बांधलेली लाकडी खुर्ची, आणि त्या खुर्चीत साळूबाई. क्रेन येईल म्हणून वरही दिवसभर वाट पाहून, अखेर आजाऱ्याला डोंगरातून खाली दवाखान्यात नेतात, तसे त्यांना आणले होते. मांडीवर ताट होते. मैना व सरिता दोन्ही अंगांनी चालत होत्या, आणि रितेशराव छत्री धरून घामाघूम झाले होते.

"रितेशराव," मी पुढे होऊन कुजबुजलो, "तुमच्या गाडीत नाही का आणायचं आईंना? खुर्चीवर उचलून आणलंत!"

रितेशने इकडेतिकडे पाहिले. "भावोजी, बोलना मत कुणाला. माझी पण बंद आहे. आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून. सबको बोला है, तुमच्यासाठी थांबलोय."

मी त्याच्याकडे पाहिले, त्याने माझ्याकडे पाहिले. आम्हा साडूंमध्ये इतका जिव्हाळा पूर्वी कधी उत्पन्न झाला नव्हता.

पाट नव्हता. साळूबाई म्हणाल्या, "गाडीतच बसवा." मी मागल्या आसनावर, दार उघडे टाकून, पाय बाहेर सोडून बसलो. सूर्य डोंगराला टेकला होता आणि वारा सुटला होता. निरांजन दोनदा विझले. तेव्हा एसटीतली माणसे, वाहकासह, आपण होऊन भोवती कडे करून उभी राहिली. निरांजन पेटले. साळूबाईंनी बोट पुढे केले. कुंकू माझ्या कपाळाऐवजी भुवईवर लागले. त्यांनी ओवाळले, ताट माझ्या ओंजळीत ठेवले. महिनाभर वाट पाहून अनारसे खडीसारखे टणक झाले होते. मग त्यांनी रितेशला ओवाळले. तोवर डोंगरामागे सूर्याची नुसती कड उरली होती.

"झालं," साळूबाई म्हणाल्या. "वान दिलं माज्या हातानं."

सरितेने एक अनारसा फोडला, पाण्यात भिजवला आणि आईला भरवला. त्यांनी तो सावकाश चघळला, डोळे मिटले, आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडले. अर्ध्या भाकरीपलीकडचा घास त्या किती दिवसांनी घेत होत्या, हे सरितेचे तोंड पाहून मला कळले. मी गाडीतून उतरून त्यांच्या पायांवर डोके ठेवले.

"आई," मी म्हणालो, "चुकलो. पुढच्या धोंड्याच्या महिन्यात मी पायी येईन. पहिल्याच दिवशी येऊन दारात बसेन."

"पुढच्या धोंड्याला मी कुठं आसनार, जावयबापू?" त्या सहज म्हणाल्या. मग त्यांनी हात लांब केला आणि गाभण गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा त्या मेलेल्या गाडीच्या दारावरून फिरवला. "पन पायी नगा येऊ. लोक काय म्हनतील? हिच्यातनंच या. एवढी विलायती गाडी, तीन वर्सांत व्हईल की दुरुस्त."